म्हातारीच्या मुठीतले बळ

आपल्या मराठवाड्यात पुष्कळ गावी मारुतीच्या पारापाशी एखादा गुळगुळीत गोल दगड पडलेला असे. तालमीतली पोरे तो उचलून खांद्यावर घेत, आणि ज्याला तो पेलवला त्याचे नाव पंचक्रोशीत होई. पुरुषाचे बळ मोजावयाची ही आपली जुनी रीत. जोर किती काढले, बैठका किती मारल्या, ज्वारीचे पोते एका दमात पाठीवर घेतले की दोन दमांत, हे सगळे मोजले जाई आणि वर्षानुवर्षे सांगितले जाई. परंतु त्याच गावात पहाटे उठून जात्याला बसणाऱ्या, आडावरून डोईवर दोन आणि कमरेवर एक घागर आणणाऱ्या बाईचे बळ कोणी कधी मोजले काय? ते वापरले सगळ्यांनी. मोजले मात्र कोणी नाही. मग ती बाई म्हातारी झाल्यावर तिचे बळ कोण मोजणार? आज आपल्यापुढे मी ह्याच मोजमापाचा इतिहास मांडणार आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. पण थोडा दम धरा.

माझी आजी शिरड शहापूरची. औंढा नागनाथ तालुक्यातले हे गाव मल्लिनाथाच्या जैन क्षेत्रामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंना ठाऊक आहे. आजीचे वय कोणत्याही कागदावर नव्हते. "रझाकाराच्या साली मह्या पदरात पोरगं व्हतं," एवढाच तिचा दाखला. म्हणजे १९४८ साली ती अठरा-वीस वर्षांची असावी. सत्तरी उलटेपर्यंत ती हळद वेचायला शेतात जात होती. पुढे एका दिवाळीला मी गावी गेलो, तेव्हा जमिनीवरून उठताना ती खांब धरू लागली होती. दुसऱ्या दिवाळीला दोन्ही हात टेकू लागली, आणि पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलू लागली. "वय झालं, बाबा," ती म्हणे. "वय झालं," आम्हीही म्हणत असू. तिसऱ्या वर्षी ती न्हाणीत पडली आणि खुब्याचे हाड मोडले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "हात टेकल्याशिवाय उठता येईनासे कधीपासून झाले?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मी इतिहास शिकवणारा माणूस. पानिपताची तारीख झोपेतही सांगेन. पण ही तारीख मला सांगता आली नाही. आजी पुन्हा स्वतःच्या पायांनी घरी आली नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या मनात आहे.

आता मूळ इतिहासाकडे वळू.

माणसाच्या अंगातले बळ आकड्यांत मांडण्याची हौस युरोपात अठराव्या शतकात वाढली. १७९८ साली फ्रान्समध्ये रेनिए नावाच्या कुशल कारागिराने एक सुटसुटीत बलमापक यंत्र लोकांपुढे ठेवले. लंबगोल पोलादी कमान, आत एक काटा आणि तबकडी. कमान मुठीत दाबली की काटा सरकतो आणि किती जोर लागला ते तबकडीवर दिसते. पायांखाली अडकवून वर ओढली, तर कमरेचा जोर कळतो. बुफाँ ह्या विख्यात निसर्गशास्त्रज्ञाला वेगवेगळ्या वयांतल्या माणसांचे बळ ताडून पाहावयाचे होते. त्यातून ह्या यंत्राची कल्पना निघाली. हेतू चांगला होता. परंतु हे यंत्र लवकरच जहाजावर चढले.

१८०० ते १८०४ ह्या काळात फ्रेंचांची एक मोहीम ऑस्ट्रेलियाच्या बाजूस गेली. तीत पेराँ नावाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ होता. त्याने टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोर येथील माणसांच्या हाती हे यंत्र दिले, त्यांचे आकडे फ्रेंच आणि इंग्रज माणसांच्या आकड्यांशेजारी मांडले आणि 'रानटी' लोक अंगानेही दुबळे असतात असा निष्कर्ष काढला. आता विचार करा: कोणी परका गोरा माणूस येतो, ज्याची भाषा कळत नाही, तो हातात लोखंडाची एक वस्तू देतो आणि खुणेने 'दाब' म्हणतो. कशासाठी दाबायचे, किती दाबायचे, हे ज्याला उमगलेच नाही, त्याचा आकडा त्याच्या बळाचा की त्याच्या गोंधळाचा? मोजमापाच्या इतिहासातला हा पहिला धडा होय. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे. परंतु यंत्राला प्रश्न कोण विचारतो आणि कशासाठी विचारतो, हे आधी पाहावे लागते.

बेल्जममधील केतले ह्या गणितज्ञाने १८३५ साली ह्या कामाला शिस्त लावली. त्याने वयावयाचे कोष्टक केले आणि त्यात पुरुषांबरोबर बायकांचेही आकडे दिले. मुलगा-मुलगी वाढतात तसे बळ कसे चढते, आणि पुढे कसे उतरते, हे प्रथमच रांगेने दिसू लागले. आणखी एक अडचण त्याच्या ध्यानात आली. ह्या यंत्रावर हाताच्या आकाराचा परिणाम होतो. लहान पंजाच्या माणसाला कमान नीट पकडताच येत नाही, मग जोर लागणार कसा? हा मुद्दा साधा वाटतो, पण बायकांच्या बाबतीत तोच कळीचा ठरला.

पुढचा टप्पा लंडनचा. १८८४ साली तिथे आरोग्याचे मोठे प्रदर्शन भरले. त्यात फ्रान्सिस गॉल्टन ह्याने मापनाची एक खोली उघडली. तीन पेनी द्या आणि आपली उंची, वजन, नजर, फुंकर, मुठीचा जोर, ओढण्याचा जोर, सगळे मोजून घ्या. ९,३३७ माणसे मोजली गेली. गॉल्टनने लिहून ठेवले आहे की मोजलेल्या १,६५७ प्रौढ स्त्रियांपैकी सर्वांत बळकट बाईची मूठ ८६ पौंडांची, म्हणजे सुमारे ३९ किलोंची होती, आणि तेवढा जोर तर मध्यम पुरुषाचाही असतो. सर्वसाधारणपणे बायकांची पकड पुरुषांहून कमी असते हे खरेच आहे. आजची मापेही तेच सांगतात. पण मला वाटते, प्रश्न निराळा आहे. तीन पेनी मोजून प्रदर्शन पाहावयास येणाऱ्या बाया कोण असतील? दिवसभर गिरणीत उभ्या राहणाऱ्या किंवा कपड्यांचे पिळे पिळून पोट भरणाऱ्या बाया त्यांत किती असतील? शिवाय ह्याच गॉल्टनने पुढे 'चांगल्या वंशाची माणसे वाढवावीत' असा विचार पसरवला आणि त्यातून विसाव्या शतकात फार मोठे अनर्थ झाले. हा दुसरा धडा. मोजमाप माणसाला मदत करावयास हवे, माणसाची प्रत ठरवावयास नव्हे.

शिक्षक मंडळींनी पुढचे जरा लक्ष देऊन ऐकावे. एकोणिसावे शतक संपता संपता शिकागोच्या शाळांतून मुलांची मोजणी करणाऱ्या स्मेडली नावाच्या माणसाने मुठीचे एक यंत्र तयार केले. त्याची मूठ हाताच्या मापाप्रमाणे मागेपुढे करता येई, कारण मुलांचे हात लहान. १९५४ साली बेक्टॉल ह्या अमेरिकन शल्यवैद्याने पाच ठिकाणी मूठ बसवता येणाऱ्या यंत्राची माहिती प्रसिद्ध केली, आणि तशा यंत्रांचा दवाखान्यांतून प्रसार झाला. केतलेने दाखवलेली अडचण सुटावयास शंभराहून अधिक वर्षे लागली. ती सुटली, तेव्हा बाईच्या हाताला न्याय मिळण्याची सोय झाली.

तरीही म्हातारी बाई अजून चित्रात आलीच नव्हती. यंत्र शिपायाच्या हातात गेले, खेळाडूच्या हातात गेले, शाळकरी मुलाच्या हातात गेले. म्हाताऱ्या माणसाबद्दल मात्र एकच उत्तर ठरलेले होते: वय झाले.

साठ सालानंतर वारे बदलले. युरोप-अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांची संख्या वाढली आणि वैद्यांना कळले की रोगाचे नाव सांगून भागत नाही. माणूस स्वतःचे स्वतः काय करू शकतो ते पाहिले पाहिजे. १९६३ साली कॅट्झ व त्याच्या सहकाऱ्यांनी अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठणे, शौच-लघवीवर ताबा आणि जेवणे अशी सहा कामांची यादी केली. १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी यांनी पुढची यादी केली: बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे, पैशाचा हिशेब आणि टेलिफोन. ह्यात एक गंमत आहे, आणि ती केवळ गंमत नाही. त्या यादीत बायकांसाठी आठही कामे मोजत. पुरुषांसाठी स्वयंपाक, घरकाम आणि धुणे गाळून पाचच मोजत. आता साठीचा पुरुष भाकरी थापू शकत नाही, तर तो दुबळा ठरत नाही. बाईला मात्र ती थापता आली नाही की तिचा एक गुण गेला. म्हणजे कागदावरचे साधे कोष्टकसुद्धा घरातली रीतभात घेऊनच जन्माला येते.

आपल्याकडे ह्याच काळात बायकांच्या श्रमाचे एक मोजमाप सुरू झाले, पण ते निराळ्या तऱ्हेचे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रभर दुष्काळी कामे निघाली. १९७३च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे त्या कामांवर होती. आपल्या भागातल्या किती तरी बाया तेव्हा खडी फोडत होत्या, पाझर तलावाची माती वाहत होत्या. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. बाई आणि पुरुष यांना एकच दर, हे त्या कायद्याचे मोठेपण. पण दर कशावर? खोदलेल्या खड्ड्याच्या मापावर, फोडलेल्या खडीच्या ब्रासवर. टेप खड्ड्यात उतरे. हाताला कोणी टेप लावत नसे. ज्या म्हातारीचा घण उचलेनासा झाला, तिला पाणी पाजायला नाही तर लेकरे सांभाळायला बसवीत. ती दयाबुद्धी होती, नाही असे नाही. पण तिचे बळ कधी आणि का उतरले, हे मस्टरात लिहावयाला रकाना नव्हता.

श्रमाचा हिशेब बायांनी स्वतः ठेवला तो ओव्यांत. आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईचे दळण तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वँ यांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करविल्या. दळणाऱ्या हातांचे सुखदुःख त्यांत आहे. मग पिठाची गिरणी आली, नळ आला, आणि ते बरेच झाले. जात्याच्या कष्टाचे गोडवे गाणाऱ्याने एक पायली दळून पाहावी. परंतु कष्ट गेले तशी अंगातली ताकद टिकवणारी हालचालही गेली, आणि तिच्या जागी दुसरी काही आली नाही, हेही तितकेच खरे.

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात सांगतो. स्नायूंचे बळ साधारण तिशी-चाळिशीनंतर हळूहळू उतरू लागते आणि साठीनंतर उतार वाढतो. बाईचा साठा मुळात कमी. त्यात पाळी गेल्यावर हाडेही विरळ होऊ लागतात. घरात सगळ्यांच्या मागून जेवणारीच्या ताटात डाळ, दूध, शेंगदाणे किती उरतात, हे आपण जाणतोच. १९८९ साली रोझेनबर्ग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने ह्या झिजेला 'सार्कोपेनिया' असे नाव सुचवले. त्याला आपण मांसक्षय म्हणू. नाव मिळाल्याने एक गोष्ट झाली: 'वय झाले' ह्या उत्तरातून हा प्रश्न बाहेर पडला.

१९९२ पासून अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात संशोधक पासष्टीपुढच्या, अडचणीने वावरणाऱ्या १,००२ बायांच्या घरी गेले आणि त्यांची पकड, चाल, उठबस मोजली. केवळ म्हाताऱ्या बायांसाठी असे मोठे काम तेव्हा विरळाच होते. १९९४ साली गुरालनिक यांनी तीन सोप्या कसोट्या एकत्र बांधल्या: तोल सांभाळून उभे राहणे, थोडे अंतर चालणे आणि खुर्चीतून पाच वेळा उठणे. घड्याळ आणि खुर्ची, एवढेच सामान. आणि त्याच वर्षी बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातील प्रयोग प्रसिद्ध झाला. फियातारोने नावाच्या डॉक्टरबाई आणि त्यांचे सहकारी यांनी शंभर दुबळ्या वृद्धांवर तो केला होता. त्यांचे सरासरी वय ८७ आणि त्यांत बायाच अधिक. दहा आठवडे त्यांच्यातील काहींकडून पायांचे व्यायाम वजन हळूहळू वाढवीत करून घेतले. त्यांच्या स्नायूंचे बळ दुपटीहून अधिक झाले, चालही सुधारली. नुसते पौष्टिक पेय देऊन मात्र तो गुण आला नाही. सत्त्याऐंशी वर्षांच्या हाडामांसात अजून वाढण्याची शक्ती होती! हे वाचले तेव्हा मला माझ्या आजीची खांब धरण्याची दिवाळी आठवली. तेव्हा आमच्या हातात दोन वर्षे होती.

आपल्या देशातही हे काम आता झाले आहे, आणि त्याचे एक केंद्र महाराष्ट्रातच आहे. मुंबईला देवनार येथे १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्या विज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वृद्धांविषयीच्या पाहणीत २००७ च्या सुमारास ह्या संस्थेने सहा राज्यांत काम केले. त्यांत महाराष्ट्र होता. पुढे २०१७-१८ मध्ये तिने भारतातील वार्धक्याची मोठी पाहणी केली. पंचेचाळीस वर्षांपुढील आणि त्यांचे जोडीदार मिळून सुमारे ७२,००० माणसे तीत आली. पाहणीदारांनी घरी जाऊन नुसते प्रश्न विचारले नाहीत. दोन्ही हातांची पकड मोजली आणि चार मीटर चालायला लावून वेळ टिपली. २०१५ साली सतरा देशांतील, भारतासह, सुमारे १,४०,००० माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पकड पाच किलोंनी कमी असली की पुढील काही वर्षांत मरण्याचा धोका सुमारे सोळा टक्क्यांनी अधिक दिसला. मुठीत काही जीव नसतो; पण मूठ सगळ्या अंगाची बातमी देते.

मग श्रोतेहो, आपण काय करावे? यंत्र नसले तरी चालेल. २०१९ साली आशियातील तज्ज्ञांनी काही सीमा सुचवल्या आहेत. शाळेतली बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आजीला बसवा, हात छातीवर घडी घालायला सांगा, आणि पाच वेळा उठून बसायला सांगा. बारा सेकंद किंवा अधिक लागले, तर पाय दुबळे होत चालले आहेत असे समजावे. तिला नेहमीच्या चालीने सहा मीटर चालू द्या; सहा सेकंदांहून अधिक लागले, तर तीही खूण आहे. दवाखान्यात पकडीचे यंत्र असेल, तर बाईसाठी अठरा किलोंच्या खालचा आकडा कमी समजतात. मात्र ही सीमा मुख्यत्वे पूर्वेकडील देशांच्या माहितीवर बेतलेली आहे. आपल्या बायांची ठेवण निराळी, तेव्हा तिला ब्रह्मवाक्य मानू नका. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सहा महिन्यांत तो किती बदलला, हे महत्त्वाचे.

दोन सावधगिऱ्या. परीक्षा घेताना जवळ एक माणूस उभे असू द्या. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका. आणि पेराँची गोष्ट विसरू नका: कशासाठी मोजतो आहोत ते तिला आधी तिच्या भाषेत सांगा. नाही तर "मही परीक्षा काहून घेता?" असे ती विचारील, आणि ते तिचे बरोबरच असेल. आकडा कमी आला म्हणून तिला कोपऱ्यात बसवू नका. उलट रोज थोडी उठबस, धरून का होईना, आणि ताटात डाळ-दूध, ही त्यावरची पहिली वाट आहे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. मुलांना आपल्या आजीचे वय काढून आणावयास सांगा. ती सन सांगणार नाही. ती रझाकाराचे वर्ष सांगेल, बहात्तरचा दुष्काळ सांगेल, किल्लारीचा भूकंप सांगेल. १९४८, १९७२, १९९३. त्यावरून पोरांनी वजाबाकी करावी. इतिहासाचा ह्याहून चांगला तास मला ठाऊक नाही. मग त्याच वहीत आजीची पाच वेळची उठबस आणि सहा मीटरची चाल लिहावी, आणि शेजारी त्या दिवसाची तारीख लिहावी.

ती तारीख लिहिलेली असू द्या. कोणी विचारले, "कधीपासून?" तर तुमच्या घरात तरी उत्तर असेल.